मॉरीनबाईंचा उमेदवारी अर्ज

बार्शीजवळच्या आमच्या गावातून निघाले तेव्हा माझ्या बॅगेत मेतकूट होतं, शेंगदाण्याची चटणी होती आणि तीन लाकडी उलथणी होती. सून म्हणाली होती, "आई, इथल्या तव्यांना लोखंड चालत नाही, येताना लाकडाची आणा." त्यातलं एक उलथणं इंग्लंडच्या निवडणुकीत वापरलं जाईल असं तेव्हा कुणी म्हटलं असतं, तर मी त्याला आधी पाणी प्यायला दिलं असतं.

मुलगा निखिल आणि सून मानसी बेसिंगस्टोकजवळ एका खेड्यात राहतात. खेडं म्हणजे एक जुनं दगडी चर्च, एक दुकान, एक ओढा, आणि ओढ्याअलीकडे नव्या घरांची वसाहत. घरं इतकी सारखी की तिसऱ्याच दिवशी मी दुसऱ्यांच्या दारात उभी राहून किल्ली फिरवत होते. आतून एक तेलुगू आजी आली. तिने मला पाणी विचारलं आणि हात धरून दोन घरं पलीकडे सोडलं. तिचंही एकदा असंच झालं होतं म्हणे.

ही दोघं सकाळी कामाला जात आणि मी शेतांकडे चालायला. कुंपणांना नुकती पालवी फुटत होती, मेंढ्यांची पिल्लं पायात पाय घालून पडत होती. परत येताना मी बसथांब्याच्या लाकडी शेडमध्ये टेकायची. बस दिवसातून तीनदा. तिथेच मला मॉरीनबाई भेटल्या. वय शहात्तर, पांढरे केस मुलासारखे कापलेले, हातात कागदांची पिशवी.

मी सातवी शिकलेली. इंग्रजी शिकले ते निखिलच्या शाळेच्या पुस्तकांतून, तो पाठ करायचा तेव्हा मागे भाकरी थापत बसून. त्यामुळे माझं बोलणं तुकड्यातुकड्यांचं. पण मॉरीनबाई वाट बघतात. वाक्य संपेपर्यंत मध्ये बोलत नाहीत.

"तुम्ही कामाला जाता?" मी विचारलं.

"निवडणुकीला उभी राहते," त्या म्हणाल्या. "आणि हरते."

मग कळलं ते असं. या वॉर्डात (आपल्याकडचा प्रभाग) कायम एकाच पक्षाचा माणूस कौन्सिलवर जातो. पक्षाचं नाव मी लिहीत नाही, निखिलने बजावलंय. जुने कौन्सिलर बरीच वर्षं बसून आता निवृत्त होत होते, त्यामुळे जागा रिकामी. त्या पक्षाने एक तरुण वकील उभा केला होता. बाकीचे पक्ष इथे कागद वाया घालवत नाहीत. उरल्या एकट्या मॉरीनबाई, इंडिपेंडंट, म्हणजे अपक्ष.

मी म्हटलं, "रिकामी जागा, म्हणजे या वेळी याल निवडून."

"छे," त्या म्हणाल्या. "ते एखादं बुजगावणं उभं करतील, तरी तेच येईल. आणि बुजगावण्याची उपस्थिती चांगली असते."

त्यांनी मला घरी नेलं. चहा म्हणजे दूध ओतलेलं गरम पाणी, त्याबद्दल मी काही बोलले नाही. सोबत स्कोन, आपल्या नानकटाईचा जाडजूड भाऊ, त्यावर साय आणि जॅम. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर एका बाजूला पेन्सिलीच्या खुणा होत्या, त्यांच्या मुलांच्या उंचीच्या. त्यांच्यात मुलं वाढताना अशी दाराशी उभी करून मोजतात. दुसऱ्या बाजूला नुसते आकडे. त्रेचाळीस. एकसष्ट. अठ्ठावन्न. मग एक आडवी रेघ. मग शहाण्णव.

"ही माझी मतं," त्या म्हणाल्या.

"आणि रेघ?"

"त्या साली मी इस्पितळात होते. दुसरं कुणी उभं राहिलं नाही. मतदानच झालं नाही. कौन्सिलर घराबाहेरही पडला नाही, कशाला पडेल? पुढच्या वर्षी रविवारची बस बंद झाली. मी उभी असते ना, तेव्हा त्याला निदान दारं वाजवावी लागतात. दारं वाजवली की लोक बसचं विचारतात."

मी आपली चौकटीवरच्या त्या रेघेकडे बघत राहिले. आपल्याकडे याला बिनविरोध म्हणतात आणि पेढे वाटतात.

पुढचे दहाबारा दिवस मी त्यांच्याबरोबर पत्रकं वाटत हिंडले. इथल्या दारांना टपालाची फट असते, तिला आतून ताठ ब्रश आणि कधी ब्रशामागे कुत्रा. पहिल्याच दिवशी माझं बोट सोलवटलं. दुसऱ्या दिवशी मी उलथणं घेऊन गेले. पत्रक उलथण्यावर दुमडून ठेवायचं आणि धिरडं सरकवावं तसं आत सरकवायचं. मॉरीनबाईंनी दुसरं उलथणं मागून घेतलं.

संध्याकाळी निखिल म्हणाला, "आई, अगं तू इथे व्हिजिटर आहेस. राजकारण काय करतेस?"

"पत्रकं टाकते. राजकारण त्या करतात."

"आपल्याला काय करायचंय त्यांच्या भांडणात."

मानसी फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, "भांडण कुठलं, निखिल, एकच तर माणूस आहे."

अर्ज भरायची शेवटची मुदत गुरुवारी दुपारी चारची. बुधवारी मॉरीनबाई ओल्या पायरीवरून घसरल्या आणि घोटा सुजून भोपळा झाला. गुरुवारी सकाळी मी गेले तर पाय उशीवर, आणि मांडीवर अर्ज. पोस्टाने चालत नाही, फोटो चालत नाही, मूळ कागदच हातोहात पोचायला हवा. विश्वासातल्या कुणीही नेला तर चालतो, असं त्यांनी कौन्सिलला फोन करून विचारलं होतं. शेजारीण ड्यूटीवर होती.

त्या माझ्याकडे बघत होत्या. "नाही पोचला," त्या म्हणाल्या, "तर पुन्हा रेघ."

मी पर्समध्ये कागद ठेवला, त्यावर रुमाल ठेवला आणि पर्स पदराखाली घेतली.

दीडची बस वीस मिनिटं उशिरा आली. बेसिंगस्टोक म्हणजे गोल चौकांचं गाव. एका चौकातून सुटावं तर दुसरा समोर, आणि पायी जाणाऱ्याला खालून बोगदे. मी एका बोगद्यात शिरले आणि दहा मिनिटांनी शिरले होते तिथेच वर आले. काचा पुसणाऱ्या एका माणसाने बादली खाली ठेवून मला कौन्सिलच्या दारापर्यंत आणलं. तीन वाजायला पाच मिनिटं होती.

काउंटरवरच्या बाईने अर्ज वाचला, यादी उघडली, बोट फिरवलं आणि थांबली. अर्जावर त्याच वॉर्डातल्या दोन मतदारांच्या सह्या लागतात. पहिली शेजारणीची, ती बरोबर होती. दुसरी ओढ्यापलीकडच्या एका आजोबांची.

"वॉर्डाच्या सीमा बदलल्या आहेत," ती म्हणाली. "हे गृहस्थ आता दुसऱ्या वॉर्डात गेले. ही सही चालणार नाही."

"मग?"

"मी अर्ज अजून दाखल केलेला नाही, फक्त तपासलाय. हे नाव खोडून वॉर्डातल्या दुसऱ्या मतदाराची सही आणा. चारच्या आत."

गावाला परतीची बस साडेतीनला. जाऊन येणं शक्यच नव्हतं. त्या परक्या शहरात, त्या वॉर्डात राहणारं माणूस मी कुठून आणणार? आणि मग डोक्यात आलं, की एक आहे. त्याला मी जन्म दिलाय. पण तो मतदार कसा असेल, त्याचा पासपोर्ट तर आपला.

तरी मी पत्ता सांगितला. बाईने यादी बघितली. "आहेत ना," ती म्हणाली. "दोघंही आहेत, नवरा आणि बायको. भारताचे नागरिक इथे राहत असतील तर मत देऊ शकतात." आणि निखिलचा यादीतला नंबर तिने चिठ्ठीवर लिहून दिला.

टॅक्सीने निखिलच्या ऑफिसला गेले. काचेची इमारत, समोर बदकांचं तळं. तो खाली आला तो घाबराच. "काय झालं? पडलीस का?"

"नाही. सही दे."

त्याने कागद वाचला. "आई, हे मी नाही करू शकत."

"यादीत नाव आहे तुझं."

"अगं ते क्रेडिट स्कोअरसाठी. मतदार यादीत नाव असलं की बँक लोन लवकर देते, म्हणून ऑफिसमधल्या सगळ्यांनीच भरलंय. मत द्यायला कोण जातंय."

"मग आता सही दे."

"माझं नाव बाहेर लागेल. कायम राहायची परवानगी अजून मिळायचीय आम्हाला, दीड वर्ष आहे. कुणी बघितलं, उगाच काही निघालं तर? आपण इथे नोकरीला आलोय, आई."

त्याचं चूक नव्हतं. भीती खरी होती. त्याने मानसीला फोन लावला, स्पीकरवर.

ती म्हणाली, "मी दिली असती, पण मी आज रेडिंगच्या ऑफिसात आहे. आणि अरे, कायद्याने चालतं का ते बघ ना. दर वीकेंडला टीव्हीचे रिव्ह्यू तास तास वाचतोस."

तो फोनवर वाचायला लागला. घड्याळात तीन वीस. तीन पंचवीस. बदकं गोल फिरत होती.

"चालतं," तो म्हणाला. पण पेन काढलं नाही.

मग मी त्याला सांगितलं. आधी कधी सांगितलं नव्हतं. "तू पाळण्यात होतास तेव्हा आपल्या पंचायतीत बायकांच्या जागा आल्या. मी फॉर्म भरला होता. माझ्यासमोर पाटलांची सून होती. मग गावाने ठरवलं, निवडणूक बिनविरोध करायची. तुझे काका आले, बाबा म्हणाले, घे मागे, गावात वाईटपणा नको. मागे घ्यायलासुद्धा सही लागते, निखिल. ती मी केलेली आहे."

तो रिसेप्शनवरच्या मुलीकडे गेला, पेन मागितलं आणि तिथेच उभ्या उभ्या सही केली. यादीतला नंबर दोनदा तपासून लिहिला. इंजिनिअर आहे तो. "गाडी आणतो," म्हणाला. "तू बोगद्यातून जाशील परत."

चारला अकरा मिनिटं कमी असताना त्या बाईने अर्ज घेतला, वेळ लिहिली आणि म्हणाली, "ठीक आहे." एवढंच. मला वाटलं होतं, शिक्का तरी जोरात मारेल.

दुसऱ्या दिवशी उमेदवारांची यादी गावच्या फलकावर लागली. दोन नावं. मॉरीनबाईंच्या नावापुढे बारीक अक्षरात सह्या करणाऱ्यांची नावं, त्यात निखिलचं. संध्याकाळी तो दूध आणायला म्हणून गेला आणि अर्ध्या तासाने दुधाशिवाय परत आला. मानसीने विचारलं, "लागलंय का नाव बरोबर?" तो म्हणाला, "स्पेलिंग बरोबर आहे."

पुढच्या आठवड्यात आमचं दार वाजलं. तो तरुण वकील, कोटावर पक्षाचा बिल्ला, बूट चिखलाने भरलेले. वसाहतीतलं प्रत्येक दार वाजवत आला होता. मी त्याला चहा दिला, आपला, आलं घालून. निखिलने त्याला रविवारच्या बसचं विचारलं. मी आतून ऐकत होते. वकील म्हणाला, विचार करतो. तिकडचे असोत वा आपले, उमेदवार हे उत्तर सारखंच देतात. पण खिशातल्या वहीत त्याने लिहून घेतलं, ते मी पाहिलं.

मतदान चर्चच्या हॉलमध्ये. मला आत जायचं नव्हतं, मी बाहेर तेलुगू आजीबरोबर बाकावर. लोक कुत्रे घेऊन मत द्यायला येत होते. बोटाला शाई नाही, शिक्का नाही, पेन्सिलीने फुली मारायची. निखिल आणि मानसी ओळखपत्रं घेऊन आत गेले आणि दोन मिनिटांत बाहेर आले. मानसी म्हणाली, "आई, पेन्सिलला दोरी बांधलीय, आपल्या बँकेतल्या पेनासारखी."

मतमोजणी दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. अकराच्या सुमारास मॉरीनबाईंचा फोन आला. वकील निवडून आला होता, भरपूर मतांनी. आम्ही तिघंही त्यांच्या घरी गेलो. घोटा अजून बांधलेला होता म्हणून त्यांनी पेन्सिल निखिलच्या हातात दिली. शहाण्णवच्या वर त्याने लिहिलं, दोनशे अकरा. मॉरीनबाईंनी चष्मा लावून ते वाचलं आणि म्हणाल्या, "अकरातला एक जरा वाकडा आलाय." मग रुमाल शोधत बसल्या.

निघताना मी त्यांना एक उलथणं ठेवून आले. रविवारची बस मी असेपर्यंत सुरू झाली नव्हती.

गावी आले तेव्हा जून लागला होता. बॅग उघडायच्या आधी माणसं जमली. मेंढ्या, चर्च, बोगदे, सगळं सांगून झालं. भाऊजी, म्हणजे निखिलचे काका, खुर्चीत बसले होते. आता पंच्याहत्तरीचे आहेत, हात थरथरतो, कप दोन्ही हातांनी धरतात.

"म्हणजे वहिनी," ते हसून म्हणाले, "एवढी धावपळ केली आणि बाई पडलीच की."

"पडली."

"मग काय उपयोग?"

"दोनशे अकरा मतं मिळाली तिला. दारावर लिहून ठेवलीत."

"पडल्याची मतं कोण लिहून ठेवतं?"

मी त्यांच्या बशीत चहा ओतला, कप जड होतो त्यांना. आणि विचारलं, भांडायला नाही, खरंच जाणून घ्यायचं होतं म्हणून. "भाऊजी, त्या साली मी फॉर्म ठेवला असता तर मला किती पडली असती हो?"

त्यांनी बशी तोंडापर्यंत नेली आणि तशीच खाली ठेवली. भाऊजी बराच वेळ मनात काहीतरी मोजत राहिले, एकेक आळी, एकेक घर. मग म्हणाले, "आता कसं कळणार, वहिनी."