सुमिना म्हातारीचा गाल

मान्सा केंकी विकते, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे. तिच्यासारखी मक्याच्या पानात बांधलेली घट्ट केंकी अख्ख्या अपाम गावात मिळायची नाही. पण बहिणीनं राजधानीतून, अक्राहून साबणाच्या वडीएवढा कॅमेरा आणून दिला आणि बाई कामातून गेली. त्यावरचं फुलाचं चित्र दाबलं की नाकाला नाक लावून फोटो काढता येतो, एवढं तिला कळायचा अवकाश, गावात कशाचीच धडगत राहिली नाही. टोमॅटो, धुरी दिलेले मासे, कोंबडीचा डोळा, सासूच्या टाचेची भेग. सासू तर उकाड्यातही मोजे घालायला लागली.

मग जुन्या कॉम्प्युटरवर ती डाग पुसायला शिकली. माशावरची माशी गायब, टोमॅटोवरचा ठिपका गायब. गावात शनिवार आला की कोणाचं तरी दफन असतंच, आणि गेलेल्या माणसाचा हा मोठा फोटो भिंतीभिंतीवर लागतो. ते काम आपल्याला मिळावं, हे मान्साच्या मनात कधीचं होतं.

पहिलं गिऱ्हाईक स्वतःच्या पायांनी चालत आलं. शेजारची सुमिना म्हातारी.

"माझी पोरं कंजूष. मतदान कार्डावरचा फोटो लावून मोकळी होतील मेली. तू आत्ताच काढून ठेव, जवळून."

मान्सानं जीव ओतला. सुरकुत्या पुसल्या, गालावरचा आडवा डाग पुसला, आणि हौसेच्या भरात नवा फोटो जुन्याच्याच जागी सेव्ह करून टाकला.

म्हातारीनं बघितलं. "कोण गं ही?"

"तुम्हीच की, आजी."

"माझी खूण कुठंय?"

"तो डाग होय? पुसला."

"डाग नव्हे तो. माझ्या आधीची भावंडं जन्मली की जायची. म्हणून आईनं माझा गाल चिरला, नाव ठेवलं सुमिना, म्हणजे उकिरडा. मरणाला किळस यावी म्हणून. मी राहिले, आणि मी रांगत होते तेव्हा तीच गेली." म्हातारीनं पडद्यावरच्या कोऱ्या गालाकडे बोट दाखवलं. "वर गेल्यावर तिनं मला ओळखायचं कशावरून? तेव्हा तर मला दातसुद्धा नव्हते."

मान्साला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जुना फोटोही उरला नाही, हे तिनं कसंबसं सांगितलं.

"मग रडतेस काय? काढ दुसरा."

मान्सानं फूल दाबलं आणि इतकी जवळ गेली की म्हातारीच्या श्वासानं काच धुरकटली. ती पुसून तिनं फक्त गाल टिपला. कॉम्प्युटरवर खूण पडदाभर दिसली. ह्या वेळी तिनं कशालाही हात लावला नाही. म्हातारी पडद्यावरच्या त्या खुणेवरून बराच वेळ बोट फिरवत बसली.

"हाच लावायचा भिंतीवर."

"अहो आजी, ह्यात तुमचं तोंड कुठंय?"

"तोंड गावानं बघितलंय. हा आईसाठी." म्हातारी उठली, दारापर्यंत गेली आणि परत वळली. "कोपऱ्यात ते हनुवटीवरचे केस आलेत, तेवढे मात्र पूस. ते तिनं कुठं पाहिलेत."