सातवी सही

चौसाळ्याजवळच्या त्या मुलींच्या वसतिगृहात गंगासागरनं एकतीस वर्षं भाकरी थापल्या. संस्था नोंदवायला सात सभासद लागत होते आणि वसतिगृह काढणाऱ्या गुरुजींना मिळाले सहाच. मग त्यांनी चुलीपुढं बसलेल्या तिलाच विचारलं, "सई येती का गं?" येत होती. अशी स्वयंपाकीण संस्थापक सभासद झाली. गुरुजींनी संस्थेच्या घटनेची, म्हणजे नियमांची, एक प्रत तिलाही दिली. ती तिनं पेटीत, लुगड्याच्या घडीत ठेवली.

गुरुजी गेले, तिथले पुढारी विजयसिंह अध्यक्ष झाले, आणि त्यांचा मेव्हणा, भाचा, व्याही असा सगळा गोतावळा सभासद म्हणून येऊन बसला. सभा मात्र पुन्हा भरली नाही. बंकट कारकून प्रोसिडिंगची वही काखेत मारून घरोघर फिरायचा. पान कोरं, सह्या तळाशी. वरचा मजकूर मागाहून विजयसिंहांच्या बंगल्यात, चिवडा खात भरायचा. गंगासागरही सही करायची, वर बंकटला चहा पाजायची. दोन वर्षांपूर्वी त्याच सहीवर वसतिगृहाची चूल बंद झाली आणि ठेक्याचे डबे आले. पोरींच्या वरणात अळ्या निघाल्या. तेव्हापासून तिला स्वतःच्या उजव्या हाताची किळस यायची.

यंदा दसऱ्यानंतर, ऊसतोडीला निघालेले आईबाप पोरींना सोडायला येण्याच्या बेतात असताना, तिला वसतिगृहात टेप लावून मापं घेणारा मंडपवाला दिसला. "मंगल कार्यालय होतंय की, मावशी," तो म्हणाला. म्हणजे बेचाळीस पोरी आता आईबापांमागं उसाच्या फडात जाणार. घरी येऊन तिनं पेटी उघडली, चष्मा लावला आणि बोट ठेवून घटना वाचली. इमारतीचा ठराव सातही सभासदांच्या हजेरीत, पंधरा दिवस आधी लेखी कळवून, सभा भरवूनच करायचा होता.

दुसऱ्याच दिवशी बंकट वही घेऊन हजर.

"मावशी, तेवढी सई करा. तुमचीच राहिलीय."

"सभा कवा झाली?"

"आता झाली म्हणायची. रीतच हाय आपली."

"वर काय लिवणार?"

बंकटनं मान खाली घातली. "ते सायेब सांगतेल. आमी हुकमाचे ताबेदार."

तिनं वही पुढ्यात ओढली. पान कोरं होतं, तळाशी सहा सह्या. गुरुजींच्या खुर्चीवर बसून या सहा जणांनी राजरोस शेण खाल्लं होतं, आणि न वाचता! लाज कोळून प्यालेल्या माणसांना वाचायची गरज कशाला? एवढी वर्षं त्यांच्या पंगतीला आपणही बसत होतो, हे आठवून तिला स्वतःचीच शिसारी आली.

वर सगळं पान मोकळंच होतं. 'वसतिगृह कधीच बंद करू नये' असं तिथं लिहून टाकावं, असं क्षणभर तिच्या मनात आलं. पण सभेशिवाय ठराव लिहायचा, तर त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय राहिला? तिनं पेन उचललं आणि पहिल्या ओळीपासून, भाकरी थापावी तसं सावकाश, एकेक अक्षर लिहीत गेली.

"मावशी, वर कशाला लिवताव? सई खाली करायची!"

ती थांबली नाही. उरलेल्या जागेवर तिनं आडवी रेघ मारली, सहाव्या सहीखाली आपली सातवी केली आणि वही बंकटपुढं सरकवली.

"वाच."

बंकट वाचू लागला आणि त्याचा आवाज बारीक होत गेला. "आज सभा झाली नाही. कुणालाही लेखी कळवलं नाही. खालच्या सगळ्यांनी कोऱ्या पानावर सह्या केल्या." त्यानं कपाळाचा घाम पुसला. "आता हे पान कुठं दाखवू, मावशी? छापील नंबराचं हाय, फाडता बी येत न्हाई."

"धर्मादाय आयुक्ताच्या हापिसात मीच दाखवते. माज्या एकटीचं कुणी ऐकलं नसतं," वही परत ओढून काखेत मारत ती म्हणाली. "पर खाली सह्या हायत की सगळ्यांच्या."