तंजावरला बसायला शिकले

परभणी स्टेशनावर मला सोडायला घरचे सगळे आले होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे मी कुठेही निघाले की काहीतरी मोठ्या कामाला निघाले आहे असाच त्यांचा समज असतो. आईने तर शेजारणीला सांगून टाकलं होतं की पोरगी मद्रासकडे डॉक्टरांच्या परिषदेला चालली आहे. मी ते दुरुस्त केलं नाही. खरं कारण सांगायला अवघड होतं. मी तंजावरजवळच्या एका डॉक्टरीणबाईंना एवढंच विचारायला चालले होते, की माझ्यासारखीने बाळंतपणाच्या खोलीत जावं की जाऊ नये.

लहानपणी मला एक ताप आला आणि जाताना डाव्या पायातली ताकद घेऊन गेला. तेव्हापासून त्या पायाला मांडीपासून बुटापर्यंत कॅलिपर आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या, मध्ये चामड्याचे पट्टे आणि खाली त्यालाच जोडलेला बूट. वडील खिडक्यांच्या ग्रिलचं वेल्डिंग करतात. पट्टी मोडली की तेच जोडून वर रंगाचा हात मारतात. त्यामुळे माझा पाय आणि आमच्या गल्लीतल्या खिडक्या एकाच रंगाच्या आहेत.

तर झालं असं, की एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षी प्रसूतिकक्षात तासन् तास उभी राहिल्यावर माझा तोल गेला आणि मी अवजारांच्या ट्रेसकट खाली आले. कोणाला काही लागलं नाही. ट्रेचा आवाज मात्र असा झाला की खाटेवरची बाई स्वतःच्या कळा विसरून मला ‘लागलं का गं’ म्हणून विचारू लागली. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच चित्र बसलं. ट्रेच्या जागी माझ्या हातात बाळ असतं तर? इंटर्नशिप तोंडावर आली तेव्हा विभागाच्या मॅडमनी मला बोलावून घेतलं आणि फार मायेने सांगितलं की प्रसूतिकक्षातल्या तुझ्या पाळ्या दुसऱ्यांना वाटून देते, तू बाहेर बसून नोंदी बघ. सुट्टीवरून आलीस की काय ते सांग.

मला सुटल्यासारखं वाटलं. मग त्या सुटकेचीच लाज वाटली. मी डॉक्टर होणार, आणि आमच्या गल्लीतली कोणी बाई अडली तर काठी टेकत दुसरा डॉक्टर शोधायला जाणार.

अपंग डॉक्टरांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप गटात अंबुजाबाई होत्या. दोन्ही पायांना पोलिओ, आणि गावात बाळंतपणं करतात असं कोणीतरी सांगितलं. त्या तंजावरच्या मराठी घरातल्या म्हणून मी त्यांना ‘आदरणीय महोदया’पासून सुरुवात करून शुद्ध मराठीत लांबलचक मजकूर पाठवला. उत्तरादाखल त्यांचा आवाज आला. मराठीच, पण तमिळ चालीवर, शब्दांना हेलकावे देत. देवनागरी वाचता येत नाही, काय ते तोंडाने बोल, असं त्या म्हणत होत्या. मी बोलून पाठवलं. त्यांनी एवढंच सांगितलं, की ये आणि बघून जा.

दोन गाड्या बदलून सकाळी तंजावरला उतरले. स्टेशनातून बाहेर पडून रिक्षा वळली, तोच छपरांच्या आणि तारांच्या वर मोठ्या देवळाचं शिखर दिसलं. मधाच्या रंगाचं, आणि इतकं उंच की मान मागे टाकताना मी रिक्षाच्या बारवर डोकं आपटून घेतलं. आधी दर्शन घेऊ म्हणून तिथेच उतरले आणि दारात अडकले. देवळात पायताण चालत नाही हे मला ठाऊक होतं. पण माझा बूट काढायचा म्हणजे सगळा पायच काढून ठेवायचा. रखवालदार भला माणूस होता. त्याने माझ्या बुटाकडे पाहिलं, देवाकडे पाहिलं आणि निर्णय माझ्यावर सोपवला. मला नियम मोडवेना. चपला ठेवतात त्या जागेशेजारच्या कठड्यावर बसून मी बाहेरूनच हात जोडले. तेवढ्यात पुण्याकडचं एक कुटुंब आलं, त्यातल्या काकूंनी माझ्यासमोर चपलांचा ढीग रचला आणि खुणेनेच ‘बघ हं’ म्हणाल्या. मराठीत ‘मी इथली नाही’ म्हणायचं धैर्य होईपर्यंत ते आत गेले होते. मग काय करणार, राखल्या. परत आल्यावर काकूंनी माझ्या हातात प्रसादाचं केळं ठेवलं. माझी पहिली व्यावसायिक कमाई ती.

अंबुजाबाईंच्या गावाला जायला ओरत्तनाडुकडची बस पकडली, तर तिची पायरी माझ्या कमरेला लागत होती. मागून एका बाईने ‘मेदुवा, मेदुवा’ (हळू, हळू) म्हणत मला ढकललं आणि पुढून कंडक्टरने ओढलं. दोघांची ओढाताण संपली तेव्हा मी खिडकीशी बसलेली होते. बाहेर पाण्याने भरलेली भाताची शेतं, त्यांच्या कडेने धावणारा कालवा आणि नारळाची झाडं होती. आमच्याकडे इतकं पाणी नुसतं उभं दिसलं असतं तर लोक हंडे घेऊन आले असते.

गावात दवाखाना शोधावा लागला नाही. ज्या दारासमोर सगळ्यात जास्त चपला, तोच. सकाळच्या अनुभवाने मी शहाणी झाले होते. इथल्या लोकांत दवाखान्यातही अनवाणी जायची रीत आहे हे ओळखलं, आणि पहिल्याच भेटीत आदर दाखवायचा म्हणून दाराबाहेर बसून पट्टे सोडले, कॅलिपर भिंतीला टेकवून ठेवला आणि एका पायावर, काठी आणि भिंत धरत आत शिरले. आतल्या गुळगुळीत फरशीवर काठी सरकली. मी एका पाट्टीच्या (आजीच्या) मांडीवर जाऊन पडले.

पुढचं सगळं फार लवकर घडलं. पाट्टीने माझं तोंड पुसलं. तरतरीत सेल्वी सिस्टरने मला टोकन दिलं, वजन केलं आणि रक्तदाब मोजला. मी छातीवर हात ठेवून ‘डॉक्टर, डॉक्टर’ म्हणाले, तेव्हा रांगेतल्या सगळ्या बायकांनी मान हलवून आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. डॉक्टर आहेत, घाबरू नको. माझी अवस्था बघून त्यांनी आपापले नंबर सोडले आणि मला सगळ्यांच्या पुढे काढलं. त्यात एक तापाने फणफणलेलं लेकरूही होतं. अशा रीतीने भावी डॉक्टर खऱ्या रोग्यांना मागे सारून आत पोचली.

अंबुजाबाई टेबलामागे होत्या. पांढरे केस, कपाळावर कुंकू आणि नाकात खडा. त्यांनी कागदावरचं वजन वाचलं, रक्तदाब वाचला, मग माझ्याकडे पाहिलं.

“परभणीची पोर ना गे तू? मग पाय कोठे टाकून आलीस?”

मी सांगितलं. त्या इतक्या हसल्या की बाहेरची रांगही काही न कळता हसायला लागली. सेल्वी सिस्टर कॅलिपर घेऊन आली, बुटाचा तळ ओल्या फडक्याने पुसला आणि मला घालून दिला. अंबुजाबाई म्हणाल्या, माझ्या दारात पायताण त्यांनी काढावं ज्यांचे पाय त्यावाचून चालतात. आणि मॅडम म्हणू नको, अक्का म्हण.

मग त्या टेबलामागून बाहेर आल्या. त्या काठी घेऊन, कष्टाने, दात आवळून उठतील अशी माझी अपेक्षा होती. मी मनातल्या मनात प्रेरणा घेण्याची तयारीच केली होती. तसलं काही झालं नाही. अक्का चाकांच्या एका बुटक्या स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी हाताने टेबलाला एक ढकल दिली आणि खोलीभर फिरल्या. रोग्याला तपासायची खाट बुटकी, हात धुवायची मोरी बुटकी, औषधांची फळी बुटकी. कुठे उंबरा नाही. पुढची सगळी सकाळ मी पाहत राहिले. अक्का एकदाही उभ्या राहिल्या नाहीत, आणि ते माझ्याशिवाय कोणाच्या लक्षातही आलं नाही.

दुपारी अक्कांकडे जेवले. आंबट भात आणि डांगर पचडी (उडदाचं भाजलेलं पीठ दह्यात कालवून). मी म्हणाले, आमच्याकडचं डांगर जरा वेगळं असतं. अक्का म्हणाल्या, तुमच्याकडे बिघडलं असेल. आता मुख्य प्रश्न विचारावा म्हणून मी घसा साफ केला, तोच सेल्वी सिस्टर सांगत आली की तामरै आली आहे. तामरैची ही दुसरी खेप, कळा जोरात होत्या. सोबत तिची आई होती, सकाळचीच पाट्टी. मला पाहून ती चपापली. जिला आपण मांडीवर घेऊन शांत केलं ती मुलगी आता हात धुऊन, एप्रन घालून आपल्या लेकीजवळ निघालेली. अक्कांनी तिला तमिळमध्ये समजावलं आणि तामरैलाही विचारलं, ही शिकणारी मुलगी इथे राहिली तर चालेल का. तामरैने मान हलवली. त्या वेळी तिला विचारलं असतं तर तिने हत्तीलाही होकार दिला असता.

बाळंतपणाची खाटसुद्धा पाय कापून खाली घेतलेली होती. अक्का तिच्या पायथ्याशी स्टुलावर, सेल्वी सिस्टर बाजूला. मी सवयीने भिंतीपाशी ताठ उभी राहिले. थोड्या वेळाने गुडघा थरथरायला लागला. तो दिसू नये म्हणून मी काठीवर भार टाकला, तर काठी थरथरायला लागली. अक्कांनी मागे वळून न पाहताच विचारलं, तो आवाज कसला.

मी म्हणाले, “मी पडेन अक्का. मी बाहेर थांबते.”

“बैस.”

“इथे? तुमच्यासमोर?”

“बसलेलं माणूस पडत नाही गे. खुर्ची घे, जवळ बैस आणि मांडी तयार ठेव.”

सेल्वी सिस्टरने मला खाटेला लागून खुर्चीत बसवलं आणि मांडीवर स्वच्छ कोरडं कापड पसरलं. तामरै ओरडली, अक्का शांतपणे काहीतरी म्हणत राहिल्या, आणि मग डोकं, खांदा आणि एकदम सगळंच आलं. अक्कांनी बाळ उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. निळसर, निसरडं आणि गप्प.

पुस्तकात जे जे होतं ते माझ्या डोक्यातून गेलं. हातातून गेलं नाही. हात पुसत होते, पाठ चोळत होते. दोन्ही हात, कारण काठी धरायला एकही लागत नव्हता. बाळाने तोंड वाकडं केलं आणि ते मोठ्याने रडलं. मुलगी होती. तिच्या आधी मी रडले असं सेल्वी सिस्टरने नंतर सगळ्यांना सांगितलं. ते खोटं आहे. आम्ही बरोबरच रडलो.

संध्याकाळी कालव्याकडेच्या कट्ट्यावर बसून मी अक्कांना विचारलं, की तुम्हाला बसून काम करायला कोणी परवानगी दिली. हा प्रश्न त्यांना कळलाच नाही. मी समजावून सांगितलं. आमच्या घरात कोणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं. सरांसमोर, मॅडमसमोर बसायचं नसतं, एवढी एकच रीत मी घरून घेऊन गेले होते आणि ती जिवापाड पाळली होती. स्टूल मागितलं तर म्हणतील, उभंही राहता येत नाही तर इथे आलीस कशाला. अक्का म्हणाल्या, सुरुवातीला त्यांनाही लोक असंच म्हणाले होते. पुष्कळ जण म्हणाले होते. मग त्यांनी एकाला विचारलं, उभ्याने काढलेलं मूल जास्त चांगलं निघतं काय? त्याने उत्तर दिलं का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, “नाही. पण स्टूल आणून दिलं.”

परतीच्या गाडीत मी हिशेब लावत बसले. इतकी वर्षं मी वैद्यकशास्त्र शिकते आहे असं घरच्यांना वाटत होतं, मलाही वाटत होतं. खरं तर माझी निम्मी ताकद उभं राहण्याच्या अभ्यासात गेली होती, आणि त्या विषयात मी ट्रेसकट नापास झाले होते. पाळ्यांतून सूट घेणं मला सोपं वाटत होतं, कारण सूट घेतली की मी कोणाच्या डोळ्यांसमोर राहणार नव्हते. स्टूल मागायचं तर सगळ्यांच्या मधोमध बसावं लागणार होतं.

कॉलेजात गेले ती थेट मॅडमकडे. गाडीत पाठ केलेलं सगळं दारातच विसरले, त्यामुळे एका दमात सांगितलं की पाळ्या वाटून देऊ नका, मी करते, मला चाकांचं बुटकं स्टूल आणि खाली घेता येणारी खाट पाहिजे. मॅडमनी हातातली नोंदवही मिटली. मग म्हणाल्या, असं इथे कधी कोणी केलेलं नाही, नीट समजून घ्यावं लागेल, बस आणि सांग.

मी म्हणाले, “नको मॅडम, उभी ठीक आहे.”

बोलून गेल्यावर माझं मलाच ऐकू आलं. मॅडम माझ्याकडे पाहत होत्या. मी त्यांच्यासमोरची खुर्ची ओढली आणि बसले.