बेडूकबाईंनी दिरावर उगवलेला सूड

शाळेत त्यांना सगळे बेडूकबाई म्हणत, आणि तेही तोंडावर. बाईंना त्याचा राग येत नसे. एखादी नवखी आई 'विज्ञानाच्या बाई कुठं भेटतील?' म्हणून विचारू लागली की त्या स्वतःच सांगत, "बेडूकबाई म्हणा, शिपाईसुद्धा हाताला धरून आणून सोडेल." ठेंगण्या, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, पायांत गमबूट आणि पर्समध्ये हातरुमालाच्या जागी झाकणाला भोकं पाडलेली बरणी. घड्याळं दुरुस्त करणारे त्यांचे यजमान अगदी गरीब स्वभावाचे. त्या घरात ते फक्त चहाच्या कपात आधी डोकावून मग तो तोंडाला लावायला शिकले होते.

अशा बाईंच्या मनात कुणाबद्दल डूख असेल असं कुणाला वाटलं नसतं. पण होता. तोही धाकट्या दिराबद्दल.

हा दीर कॉलेजात असताना त्यांच्याच घरी राहिला. त्याला जेवू घातलं बाईंनी, परीक्षेआधी स्वयंपाकघरात बसवून झाडांची नावं घोटून घेतली बाईंनी. पुढं तो पालिकेचा उद्यानप्रमुख झाला आणि त्याला हिरवळीचं वेड लागलं. हिरवळ म्हणजे कापलेली, दाबलेली, गालिच्यासारखी. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत, शाळेला कुलूप असताना, त्यानं शाळेपुढचं डबकं दगडमातीनं बुजवून टाकलं. डबकं तेव्हा वरून कोरडं ठाक होतं. बेडूक मात्र तळाच्या गाळात शिरून झोपलेले होते. उन्हाळा ते तसाच काढतात. बाई सुट्टीवरून परत येऊन बघतात तो तिथं हिरवळ आणि 'पाय ठेवू नये' अशी पाटी.

त्या रविवारी दीर जेवायला आला. बाईंनी विषय काढला तर घास चावता चावता म्हणाला, "वहिनी, बेडकांचं काय घेऊन बसलात? गेले असतील उड्या मारत दुसरीकडे."

बाईंनी भाताचं पातेलं पुढं ओढलं. त्याला आणखी वाढलं आणि मनाशी गाठ मारून ठेवली.

वर्ष-दोन वर्षांत संधी आपल्या पायांनी चालत आली. शाळेच्या मागं एक तळं होतं, गुडघाभर पाण्याचं, कडेनं लव्हाळं माजलेलं. दीरसाहेबांनी तेही बुजवून तिथं कारंजं उभारायचा घाट घातला. नियमाप्रमाणे पालिकेनं सुनावणी ठेवली. कुणीही यावं, आपलं म्हणणं मांडावं. बातमी कानावर येताच बाईंनी सातवीचा वर्ग बोलावला, दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "जैवविविधता हा शब्द तुम्हाला लिहिता येतो. आता त्याच्यासाठी भांडायला शिका."

शिकवायची त्यांची रीत न्यारी होती. एक खुर्ची मध्ये ठेवायची, तिच्यात एकानं साहेब होऊन बसायचं, बाकीच्यांनी तळ्याची बाजू मांडायची. खरोखर पटल्याखेरीज साहेबानं 'हो' म्हणायचं नाही, बाई समोर डोळे वटारून उभ्या असल्या तरी. साहेब व्हायला एक मुलगी भलतीच लायक निघाली. हळू बोलायची, प्रत्येक शब्द तोलायची, म्हणून तिला गोगलगाय म्हणत. तळ्याच्या बाजूनं बोलायला टाचणी. ती लहानखुरी होती आणि बोलली की टोचायची.

"तळ्यात डास होतात," गोगलगाय पोट पुढं काढून म्हणायची.

"चतुरांची पिल्लं डासांच्या अळ्या खातात, साहेब. कारंज्यात चतुर राहत नाहीत. डास राहतील."

"तुझ्या बापाला विचार, त्याला कारंजं आवडेल की चिखल."

"बापाला डास चावतात, साहेब, त्यालाच विचारून आलेय."

वर्ग हसायचा. बाई मात्र हसत नसत, त्या डावपेच सांगत. "साहेब चष्मा काढून पुसायला लागले की समजायचं, उत्तर संपलं. तेव्हा श्वास घेऊ द्यायचा नाही. लगेच शेवटचा प्रश्न." आणि शेवटचा प्रश्न बाईंनी स्वतः घडवला होता: साहेब, पुढचं डबकं बुजवलंत तेव्हा आत किती बेडूक जिवंत होते?

टाचणीनं तो खुर्चीवर फेकून पाहिला. गोगलगायीनं नसलेला चष्मा काढून पुसला. मग म्हणाली, "आता मी 'नाही' म्हणणार."

"का गं?" बाईंनी विचारलं.

"सगळ्यांसमोर लाज गेल्यावर हो कशी म्हणू? तळं बुजवूनच दाखवीन." आणि जरा थांबून, "बाई, आपल्याला तळं वाचवायचंय की साहेबांना रडवायचंय?"

बाई लालबुंद झाल्या. दोन्ही, असं त्यांच्या ओठावर आलं होतं. "प्रश्न आहे तसाच विचारायचा," एवढं बोलून त्यांनी वर्ग सोडला.

सुनावणीला पालिकेचं सभागृह गच्च भरलं. वर नगराध्यक्षा, शेजारी दीर, इस्त्रीच्या शर्टात. पहिल्या रांगेत बाई, गमबुटांसकट. टाचणीनं डास, चतुर, लव्हाळ्यात घरटी बांधणारी पाणकोंबडी, सगळं न अडखळता मांडलं. साहेब गोंधळले, त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. बाई खुर्चीच्या कडेवर सरकल्या. इतक्या दिवसांची भूक आता भागणार होती.

टाचणीनं बाईंकडं पाहिलं, मग गोगलगायीकडं.

"साहेब," ती म्हणाली, "तुम्हाला झाडांची नावं तोंडपाठ आहेत म्हणे. आम्हाला तळ्यात कोण कोण राहतं ते पुरतं ठाऊक नाही. दर महिन्याला येऊन आमच्याबरोबर मोजणी कराल का? तोवर भराव नको."

टाळ्या पडल्या. नगराध्यक्षांनीही टाळ्या वाजवल्या. साहेबांनी चष्मा चढवला आणि इतक्या लोकांपुढं दुसरं काही म्हणता येईना म्हणून हसून 'हो' म्हणाले. नगराध्यक्षांनी तिथल्या तिथं कारंजं रद्द केलं आणि तळ्याची राखण साहेबांच्या गळ्यात घातली.

त्या संध्याकाळी बाई भांडी आपटत होत्या.

"तळं वाचलं ना?" यजमानांनी दारातून विचारलं.

"वाचलं."

"मग त्या पातेल्यानं काय घोडं मारलंय?"

"तो हसत घरी गेला," बाई म्हणाल्या.

पहिल्या मोजणीला दीर चकचकीत बूट घालून आला. मुलं जाळ्या घेऊन पांगली, तशी बाईंनी त्याला लव्हाळ्याच्या आडोशाला गाठलं. तिथं ऐकायला कुणी नव्हतं.

"भाऊजी, त्या डबक्यातले बेडूक उड्या मारत कुठं गेले नाहीत. गाळात झोपले होते. तुमचे ट्रक आले तेव्हाही झोपलेच होते."

त्याचा चेहरा उतरला. "मला माहीत नव्हतं, वहिनी. खरंच."

"विचारायचं होतंत. जेवायला माझ्याच घरी येत होतात."

 तो पडेल आवाजात म्हणाला, "आता काय करू, सांगा."

बाईंना क्षणभर वाटलं, जाऊ द्यावं. पण जाऊ दिलं नाही.

"बाह्या वर करा," त्या म्हणाल्या, "आणि असे उकिडवे बसा. पानांच्या खाली बोटांनी चाचपायचं. चतुराची पिल्लं मिळतील. मिळेपर्यंत उठायचं नाही, मुलं येऊन विचारतील."

तो बसला. बूट घोट्यापर्यंत रुतले, पँटचा मागचा भाग पाण्याला टेकला, आणि उद्यानप्रमुख मान खाली घालून चाचपू लागले. मुलांनी ती कड सकाळीच धुंडाळली होती आणि तिथं काही मिळालं नव्हतं. बाईंनी सावलीतला एक दगड बघितला, पाय लांब केले आणि त्याला दुपारपर्यंत शोधू दिलं.