भिंतीची सुरई

सदर इसम, वय चौतीस, उंची दारात वाकावे लागेल इतपत, पूर्वीचा व्यवसाय गोलरक्षक, सध्याचा व्यवसाय मातीकाम. ओळखीची खूण : डाव्या हाताची करंगळी दोनदा मोडून मनाला येईल तशी बसलेली. दोन्ही गुडघे सुस्थितीत. सदर इसमाने करार चालू असताना, कोणाच्याही दबावाशिवाय व पूर्ण शुद्धीत खेळ सोडलेला आहे.

गुडघे सुस्थितीत, हेच घरच्यांचं खरं दुःख होतं. गुडघा गेला असता तर चारचौघांत सांगायला तोंड राहिलं असतं. शेवटी वडिलांनी तो परस्पर घालवला. फाटकाशी कोणी विचारलं की ते आवाज उतरवून ‘लिगामेंट’ एवढंच म्हणत. त्यामुळे गल्लीतून जाताना आपण थोडं लंगडावं की काय, असा मुलाला प्रश्न पडे. बायको म्हणे, लंगड की, बाबांना बरं वाटेल.

मैदानावर त्याला ‘भिंत’ म्हणत. मातीकामाच्या वर्गात हे नाव त्याच्याआधी येऊन बसलं होतं. दोन वर्षं तो चाकाशी झटत होता आणि भांडी बसकी, जाड, तोंडाशी रुसलेली निघत होती. सोबतचे शिकाऊ भांड्याला चांगलंय म्हणत आणि पुढच्याच श्वासात त्याने अडवलेल्या एका पेनल्टीवर येत. त्या पेनल्टीचा त्याला वीट आला होता. वार्षिक प्रदर्शनात आपलं एक भांडं लागावं, तेही निव्वळ भांडं म्हणून, एवढंच त्याला हवं होतं. परीक्षक बाहेरचे असत आणि नावं झाकून निवड करत. त्याची सगळी भिस्त त्या झाकलेल्या नावावर होती.

आणि एकदाची सुरई जमली. उंच, सडपातळ, मान ताठ. शिकवणाऱ्या बाई कौतुकाच्या बाबतीत हात आखडून असत. त्यांनी ती फिरवून पाहिली आणि स्वतः फळीवर नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी वर्गातल्या निवृत्त बँक कारकुनाने बादली उचलताना त्या फळीला खांदा मारला. भिंत पलीकडच्या चाकावर होता. विचार करायच्या आत तो हवेत होता. सुरई जमिनीपासून वीतभर वर असताना त्याने दोन्ही हातांत घट्ट पकडली. वर्गाने टाळ्या वाजवल्या. दोन वर्षांतल्या पहिल्याच. माती अर्धवट वाळलेली. सुरईच्या पोटात दहा बोटं रुतली होती, त्यात एक करंगळी वाकडी.

“पकडली कशाला?” बाई म्हणाल्या. “फुटली असती तर माती तरी मळता आली असती.”

“हात ऐकत नाहीत, बाई.”

“दोन वर्षं मी दुसरं काय सांगतेय?”

नवी करून, वाळवून, भाजायला वेळ नव्हता. दात-ओठ खात त्याने तीच पाठवली. नाव झाकलेलं आहे, अशी मनाची समजूत घातली.

सुरई निवडली गेली. परीक्षकांतले एक गृहस्थ फुटबॉलवेडे निघाले. ती करंगळी त्यांनी वर्तमानपत्रातल्या फोटोंत शंभरदा पाहिली होती.

“लागलं ना भांडं? मग चेहरा का असा?” बायकोने विचारलं.

“भांडं नाही लागलं. झेल लागला.”

प्रदर्शनात सुरईभोवती गर्दी होती. लोक आपली बोटं त्या खळग्यांत बसवून बघत आणि पेनल्टीबद्दल बोलत. मधोमध वडील उभे, येईल त्याला सांगत होते, गुडघा गेला हो, पण हात बघा. भिंत दाराशी उभा होता आणि, का कोण जाणे, एका पायावर भार देऊन.

सुरईपुढच्या पुठ्ठ्यावर लिहिलं होतं : ‘क्रमांक चौदा. माध्यम : भाजलेली माती. कर्ता : सुप्रसिद्ध माजी गोलरक्षक. उपयोग : पिण्याचे पाणी साठविणे.’

सुरई गळते.