परकं करणारा शब्द

निष्ठा पुष्कळांच्या ठायी असते. परंतु ती बहुधा माणसावरची, फार तर देवावरची. शब्दावरची निष्ठा विरळा. शब्द उपकार स्मरत नाही, आणि अडचणीच्या क्षणी आपल्याच विरुद्ध साक्ष देतो. झितोमिरच्या युस्तीना ह्नातिव्ना यांच्या ठायी अशी निष्ठा होती, आणि ती त्यांना महाग पडली.

तीस वर्षे त्या नोटरीच्या कचेरीसाठी खरेदीखते, मुखत्यारपत्रे, वारसापत्रे इंग्रजीतून युक्रेनियनमध्ये आणि तिकडून इकडे उतरवीत. बुटांच्या एका खोक्यात त्यांनी कार्डे लावली होती. पुढे युक्रेनियन संज्ञा, मागे इंग्रजी. त्यांत एकच कार्ड अपुरे होते. त्यावर 'विद्चुझेन्या' हा शब्द होता. 'चुझी' म्हणजे परका. विद्चुझेन्या म्हणजे आपले ते परक्याचे करणे. दस्तऐवजांत मालमत्ता विकण्याला वा देऊन टाकण्याला हाच शब्द लागतो. त्या अर्थापुढे त्यांनी इंग्रजी 'डिस्पोजल' लिहिले होते. पण हाच शब्द उत्तरेच्या अरण्यात, त्यांच्या लोझ्नित्सा गावाच्या वेशीवरील फलकावरही होता. अणुभट्टीच्या स्फोटानंतर गाव उठवले, तेव्हा ठोकलेला तो फलक. परका केलेला प्रदेश. त्या अर्थापुढची ओळ त्यांनी कोरी सोडली होती.

गाव सोडताना आईला काहीच बरोबर आणता आले नाही. झितोमिरच्या कडेला मिळालेल्या घरात तिने गवंड्यापुढे दोन्ही हात पसरून मापे दाखवली, आणि गावच्या घरातली चूल जशीच्या तशी बांधून घेतली: भिंतीएवढी, चुन्याने सारवलेली, वर निजायला जागा असलेली. आईच्या पश्चात युस्तीना हिवाळ्यात त्या चुलीवर निजत. डोळे मिटले की त्या लोझ्नित्सात असत.

घर मात्र आईने थोरल्या मुलाच्या, ओनिसिमच्या नावे केले होते. तो परत येईल या आशेवर. ओनिसिम पंचवीस वर्षे इंग्लंडात, लीड्सला होता. एका शरदात त्याचा फोन आला.

"युस्त्या, मी आता येत नाही गं. पाय चालत नाहीत. पोरांना त्या गल्लीचं नावसुद्धा धड म्हणता येत नाही, ती काय घर सांभाळणार?"

"मी आहे ना सांभाळायला."

"तू सत्तरीला टेकलीस. तुला स्टेशनजवळ खोली घेऊन देतो. लाकडं फोडायला नकोत."

"मला लाकडं फोडायला आवडतात."

"खोटारडी. लहानपणी सगळी माझ्यावर ढकलायचीस."

दोघेही हसली. पण त्याचा निर्णय बदलला नाही.

ओनिसिमने इथल्या एका वकिलाच्या नावे इंग्रजीत मुखत्यारपत्र करून पाठवले. नोटरी रुस्लाना ओस्तापिव्ना म्हणाल्या, घरच्या कागदाला घरचीच भाषांतरकार नको. म्हणून तो कागद वालेरियान योसिपोविच यांच्याकडे गेला. ते गृहस्थ अर्धे आयुष्य एका रसायनांच्या कारखान्यात दुभाषी होते.

गुरुवारी दुपारी सगळे कचेरीत जमले. घर घेणारे दंतवैद्य पतिपत्नी बाहेरच्या बाकावर बसले होते. आज सही झाली नाही तर उद्या ते दुसरे घर घेणार होते. रुस्लाना वाचू लागल्या आणि मध्येच थांबल्या.

"'घर मोडीत काढून नष्ट करण्याचा अधिकार.' वालेरियान योसिपोविच, हे काय? हे घर आहे, गंजलेली टाकी नव्हे."

"तिथे डिस्पोजल लिहिलंय. आमच्याकडे डिस्पोजल म्हणजे मोडीत काढणंच."

"त्या कारखान्यात तुमचे केस गेले. आता माझा दस्त घालवू नका."

"मी सही केलीय," वालेरियान ताठ होत म्हणाले. "चूक दाखवा, मग बदलीन."

रुस्लानांनी चष्मा काढला. "मला इंग्रजी येत नाही. असंच असेल तर विक्री होत नाही. नवा कागद यायला महिना जाईल, बाहेरचे थांबणार नाहीत." मग त्या हलकेच वळल्या. "युस्तीना ह्नातिव्ना, हा कागद तुमच्याकडे नव्हता. तुम्ही बोलायला बांधील नाही."

आपण काय देऊ करीत आहोत, हे रुस्लानांना ठाऊक होते. खोटे बोलायचे नव्हते. नुसते गप्प बसायचे होते. महिन्याचा हिवाळा झाला असता, आणि ओनिसिमची प्रकृती पाहता हिवाळ्याची कदाचित वर्षेही. युस्तीनांनी स्वतःच्या हातांकडे पाहिले. नखांत सकाळच्या सारवणाचा चुना होता.

"ओनिसिमला घर मोडायचं नाही, विकायचंय," त्या म्हणाल्या. "तिथे विद्चुझेन्या लिहा."

वालेरियान यांची लेखणी अडली. "अहो, पण तुमचंच घर जातंय."

"शब्द बरोबर आहे का?"

त्यांनी इंग्रजी कागद पुन्हा वाचला. "बरोबर आहे," ते खालच्या आवाजात म्हणाले, आणि त्यांनी तो लिहिला.

स्टेशनजवळच्या खोलीत युस्तीना तीन हिवाळे राहिल्या. दर वसंतात, ईस्टरनंतरच्या मृतांच्या दिवशी, उठवलेल्या गावांच्या लोकांना आपल्या थडग्यांपाशी जाऊ देतात. त्या दिवशी त्या रंगीत अंडी आणि गोड पाव घेऊन बसने लोझ्नित्साला जात, आईवडिलांच्या मातीपाशी बसत, आणि संध्याकाळच्या आत परतत. परतीची बस झितोमिरच्या कडेच्या त्या विकलेल्या घरावरून जाई. धुराड्यातून धूर निघत असे. वळण येईपर्यंत त्या खिडकीतून मागे पाहत राहत. शेजारी बसलेली गावची बाई एकदा म्हणाली, "मान मोडेल गं, युस्त्या." त्या म्हणाल्या, "दोन्ही गावं एकाच रस्त्यावर आहेत, मी तरी काय करू?"

तिसऱ्या हिवाळ्यात त्या गेल्या. त्यांना झितोमिरलाच पुरले. घरात दंतवैद्य राहतात. चूल त्यांनी मोडलेली नाही. बुटांचा खोका रुस्लाना ओस्तापिव्नांच्या कपाटात आहे आणि कचेरीत अजून वापरला जातो. त्या कार्डावरची दुसरी ओळ कोरीच आहे.