तीस बझर, एक जावई

आज मीरा-भाईंदरमध्ये माझ्या तोडीचा पेजर-तज्ज्ञ शोधून सापडणार नाही. (पेजरही सापडणार नाही, ही गोष्ट वेगळी.)

तरुणपणी मी एका पेजर कंपनीत ट्रान्समीटर बसवायचो. गच्चीवर अँटेना उभा करायचा, केबल ओढायची आणि खाली उतरून ज्युनिअर मंडळींना झापायचं, असं ते तांत्रिक काम होतं. मग मोबाइल आले, कंपनी बुडाली आणि मी पेणकरपाड्यात घरोघरी इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांत पाणी घालत फिरू लागलो. सासुरवाडीत मात्र मी 'वायरलेसवाले जावई' ते 'वायरलेसवाले जावई'च राहिलो. तिथे कोणाला त्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून!

तर गेल्या वर्षी माझ्या मेहुण्याने, नंदूने, चांगली नोकरी सोडून मुर्ध्याला घराच्याच अंगणात मासळीचं जेवणघर काढलं. टेबलं आठ. पहिला रविवार नीट पार पडला तर पडला, नाहीतर सोमवारी जुन्या साहेबाचे पाय धरायचे, अशी त्याची गत. आणि या गृहस्थाने मागवलं काय? तर मॉलमध्ये पाहिलेली पेजिंगची यंत्रणा! डब्याएवढा एक ट्रान्समीटर आणि तीस गोल बझर. गिऱ्हाइकाने बझर घेऊन खाडीवर फोटो काढत हिंडायचं. टेबल रिकामं झालं की आपण त्याचा नंबर दाबायचा, आणि त्याच्या हातातला बझर थरथरायला लागतो.

"त्यापेक्षा फोन करा की," माझी बायको सुरेखा म्हणाली.

"अनोळखी नंबर आजकाल उचलतं कोण, ताई?" नंदू म्हणाला. "आणि भावजी, शनिवारी कंपनीची बाई येतेय बसवायला."

"कॅन्सल कर!" मी गरजलो. "घरात मी असताना बाहेरचं माणूस? अरे, मी अख्ख्या शहराला पेजिंग केलंय! हे खेळणं आहे, खेळणं!"

"भावजी, नक्की ना? रविवारी पहिलाच दिवस आहे."

"नंद्या, तू कोलंबी साफ कर."

सोबत एक माहितीपुस्तिका होती. ती मी उघडलीही नाही. (माहितीपुस्तिका ज्यांना माहिती नसते त्यांच्यासाठी असते.) शनिवारी घराच्या पत्र्यावर बांबू उभा करून त्याला अँटेना बांधला. सासरे, म्हणजे आमचे नाना, खाटेवर बसून बघत होते. जन्म मिठागरात गेलेला माणूस, फार बोलत नाही.

"त्या खेलन्याला येवरा बांबू?" एवढंच त्यांनी विचारलं.

"रेंज, नाना, रेंज! पार खाडीपर्यंत जाणार."

मग बझरना नंबर शिकवायचं काम उरलं. एकेक बझर हातात घ्यायचा, बटण दाबून धरायचं, ट्रान्समीटरवरून त्याला त्याचा नंबर पाठवायचा. असं तीस वेळा! हे कारकुनी काम माझ्यासारख्याने करायचं? मी तीसच्या तीस बझर ओट्यावर ओळीने मांडले, सुरेखाला आणि नंदूला बसवलं, बटणं भराभर दाबून घेतली आणि एका झटक्यात सगळ्यांना शिकवून टाकलं. मग चाचणी म्हणून एक नंबर दाबला. तीसही बझर एकदम थरथरले, लाल दिवे लागले, ओटा नुसता गुणगुणायला लागला!

"बघा! एकही नापास नाही!" मी म्हणालो.

नंदूने टाळ्या वाजवल्या. एक नंबर दाबल्यावर तीस बझर का वाजले, हा प्रश्न तिथे कोणालाच पडला नाही. वर्गाचा मास्तरच असा, तर पोरांना काय दोष द्यायचा?

रविवारी गर्दी लोटली. आठ टेबलं भरली, तीस बझर वाटून झाले, मंडळी खाडीकडे पांगली. तासाभराने पहिलं टेबल उठलं. मी कॉलर ताठ केली आणि सर्वांसमक्ष एक नंबर दाबला.

खाडीकडून तीस कुटुंबं पळत आली! रेंज अगदी उत्तम होती.

"मेरा बजा है!"

"अरे, हमारा भी बजा, ये देखो!"

"आम्ही आधी आलोय, काका!"

एका टेबलावर तीन घराणी बसली. एका आजींनी तर बझर माझ्या नाकासमोर धरला. "हा बंद कर आधी, माझा हात बधिर झालाय!"

"भावजी, बंद करा ना!" नंदू रडकुंडीला आला होता. "लोक निघून चाललेत!"

मी घाईघाईने निदान केलं: रेंज जास्त झाली. उपाय सोपा, अँटेना काढायचा! मी चालू मशीनमधून केबल उपटली आणि पुन्हा नंबर दाबला. अँटेना नसताना ट्रान्समीटर चालवला तर ताकद बाहेर न जाता उलटी मशीनमध्येच शिरते आणि आतला भाग जळतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. याच चुकीसाठी मी एका ज्युनिअरला आठवडाभर गच्ची झाडायला लावली होती! डब्यातून धूर निघाला. सुरमईचा नव्हता.

"अहो, तुम्ही आता आत जाऊन बसा," सुरेखा दातओठ खात म्हणाली.

तिने सगळे बझर टोपलीत जमा केले आणि वहीत नावं लिहून घेतली. नाना कुंपणाच्या भिंतीवर चढले आणि त्यांनी खाडीकडे तोंड करून हाक दिली, "ओ शाऽऽ! चार मान्सा! याऽऽ!" पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. शहा कुटुंब निमूटपणे आलं. संध्याकाळपर्यंत नानांनी सगळ्यांना क्रमाने जेवायला बसवलं. नंदू वाचला.

मंगळवारी कंपनीची ती बाई आली. तिशीही गाठली नसेल. तिने डबा उघडला, वास घेतला, जळालेला भाग बदलला आणि एकेका बझरला शांतपणे वेगळा नंबर शिकवला. मी कोपऱ्यातल्या टेबलावर जेवत होतो.

"ये सब किसने किया था?" तिने विचारलं.

घरच्यांनी माझ्याकडे बघायच्या आत मी म्हणालो, "कोई लोकल आदमी आया था, मॅडम. एकदम अनाडी!"

"अच्छा हुआ चला गया."

"गेला कसला!" नाना खाटेवरून म्हणाले. "त्यो काय, तिसरी भाकर खातंय."

खोटं कशाला बोलू, चौथी होती.